फ्लूची लस: पावसाआधी की दिवाळीनंतर?

मेच्या अंकासाठी एरवी घामोळं, उन्हाळी लागणं आणि 'मानकुराद आंबा खाल्ला तर साखर किती वाढेल' अशी पत्रं येतात. यंदा फ्लूच्या लसीचा गठ्ठाच आला. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. ज्यांनी नुसते रिपोर्टांचे फोटो पाठवलेत त्यांनी रागावू नये. फोटो बघून औषध मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगत नाही.

डॉक्टरबाई, मी ६८ वर्षांचा, मधुमेही. मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, फ्लूची लस ऑक्टोबरात घ्यायची असते, बाबा, घाई कसली? इथले आमचे डॉक्टर म्हणतात, जूनच्या आत घेऊन मोकळे व्हा. दोघेही शिकलेले. ऐकू कुणाचं?
– निवृत्त शिक्षक, डिचोली

सर, दोघांचंही बरोबर आहे. पण तुम्ही राहता गोव्यात, डिचोलीत, म्हणून डॉक्टरांचं ऐका.

मुलाच्या देशात फ्लू थंडीत येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला भर, म्हणून ते लोक ऑक्टोबरात टोचून घेतात. आपल्याकडे त्याचा मोठा हंगाम पावसाचा. जूनअखेर सुरुवात होते, जुलै-ऑगस्टात माझ्या दवाखान्यातली बाकं कमी पडतात, आणि सप्टेंबर संपत आला की ओसरतो. जानेवारी ते मार्च आणखी एक लाट येते. पावसात आपण राहतो कसे ते बघा ना: खिडक्या बंद, ओले कपडे घरातच दोरीवर, कदंब बसच्या काचा वर ओढलेल्या आणि आत गच्च माणसं. एकजण खोकला की शेवटच्या सीटपर्यंत प्रसाद. भारतातही सगळीकडे एक वेळापत्रक नाही. श्रीनगरकडे फ्लू थंडीतच जोर करतो. तेव्हा व्हॉट्सॲपवर श्रीनगरहून किंवा डॅलसहून आलेला सल्ला फोंड्याला लागू पडेलच असं नाही.

लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि काही महिन्यांत ती उतरू लागते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घेतलेली लस ऐन पावसात कामाला येते. ऑक्टोबरात घ्याल तर तोवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थीही, होऊन गेलेली असेल. जून उजाडला म्हणून संधी गेली असं मात्र समजू नका. जुलैतही घ्या, अजिबात न घेण्यापेक्षा बरं.

आणखी एक गोष्ट मुलाला सांगा, त्यालाही आवडेल. हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीची यादी ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाची, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाची. नकाशात आपण उत्तरेत, पण आपल्या पावसाला वेळेवर पोचते ती सप्टेंबरात ठरलेली लस. टोचण्याआधी खोकं हातात घेऊन हंगाम आणि मुदत वाचा. '२०२६' म्हणजे दक्षिणेकडची ताजी. '२०२५-२६' म्हणजे उत्तरेकडच्या सरलेल्या थंडीची. ताजी मिळाली तर उत्तम. न मिळाली तर मुदतीत असलेली जुनी घ्या, पण वाट बघत जुलै आणू नका.

साखर थोडी वाढलेली असली तरी लसीला अडचण नाही. दिवाळीनंतर मुलाकडे जायचं असेल तर तिथल्या हंगामाची लस तेव्हा वेगळी घेता येते. मेमधली घेतली म्हणून काही बिघडत नाही.

औषधाच्या दुकानात तीन विषाणूंची आणि चार विषाणूंची अशा दोन लसी सांगतात. चारवाली भारी ना?
– कॉलेज विद्यार्थिनी, पणजी

चौथा होता तो 'बी यामागाता' नावाचा वाण. मार्च २०२० नंतर जगात कुठेही तो खात्रीने सापडलेला नाही. कोविडच्या काळात माणसं घरात बसली, मास्क लावले, आणि तो मागे पडला तो पडलाच. म्हणून २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, तीन पुरे. चारवाली मिळाली तर नुकसान नाही. पण चौथ्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

माझी नात चार महिन्यांची आहे. चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. दीर-जावा, त्यांची मुलं, मुंबईचे, पुण्याचे, घर भरून जातं. पोरीला फ्लूची लस द्यायची का? सून म्हणते, आरोग्य केंद्रात पेंटाव्हॅलंट दिली, त्यात इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू, आलाच.
– आजी, माशेल

आजी, सुनेचं चुकलं म्हणून तिला बोलू नका. कार्डावर वाचलं तर कुणालाही तसंच वाटेल. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देतात त्या पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि 'हिब' अशा पाच आजारांची लस असते. हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा नावाचा जिवाणू. १८९२ मध्ये फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तो फ्लूच्या रोग्यांमध्ये सापडला आणि फ्लू ह्यानेच होतो असा समज झाला. माणसातला खरा फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये. तोवर नाव चिकटलं होतं. हिबची लस बाळाला मेंदूज्वर आणि न्यूमोनियापासून वाचवते. ती हवीच, पण तिचा फ्लूशी संबंध नाही. फ्लूची लस सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना मात्र सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी असं सांगते.

सहा महिन्यांच्या आत ही लस देत नाहीत. पहिल्या वर्षी तिचे दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. यंदा अधिक महिना आल्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला आहे. तुमच्या नातीच्या बाबतीत हे देवानेच जुळवून आणलं म्हणायचं. जुलैच्या मध्यावर सहा महिने पूर्ण, तेव्हा पहिला डोस, ऑगस्टच्या मध्यावर दुसरा, आणि गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची वेळ येईतो दोन आठवडे होऊन वर दिवस शिल्लक. आत्ताच बालरोगतज्ज्ञांना सांगून तारखा कॅलेंडरवर लिहून टाका.

तोवर काय? तोवर बाळाच्या भोवतीच्या माणसांनी लस घ्यायची. सुनेने आधी. अंगावर पाजत असली तरी काही हरकत नाही. मग मुलाने, मग तुम्ही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने तर नक्कीच. कोणत्याही महिन्यात चालते, आणि आईच्या रक्तातून बाळाला जे संरक्षण मिळतं ते पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा बाळाला लस देताच येत नाही, तेव्हा उपयोगी पडतं.

आता चवथीविषयी थोडं परखड बोलते. मी स्वतः अशाच घरात वाढले. माटोळीखाली आरती चालू असते, घुमट वाद्य घुमत असतं, दहा-बारा मुलं दमून घामाघूम, आणि बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर. काकू घेते, आत्या घेते, पुण्याची मामी गालाला गाल लावते. दुसऱ्या दिवशी कळतं की मामीच्या मुलाला गाडीतच ताप होता, 'प्रवासाने झालं असेल' म्हणून गोळी देऊन आणलं. हे टाळायचं तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेवऱ्या कोण करणार याची चर्चा सुरू व्हायच्या आधी तुम्ही, घरातल्या थोरल्या बाईने, लिहायचं: ज्याला ताप-खोकला आहे त्याने बाळाला घ्यायचं नाही. बाकीच्यांनी साबणाने हात धुऊन घ्यायचं. तोंडाची पापी नाही. हे सुनेने लिहिलं तर ती शिष्ट ठरेल. तुम्ही लिहिलंत तर कुणाची बोलायची छाती नाही.

एवढ्याने भागत नाही, कारण फ्लू झालेला माणूस ताप चढायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो वाटत फिरतो. म्हणून म्हणते, येणाऱ्यांपैकी ज्यांना परवडेल त्यांनी लस घेऊन यावं.

बाळ दूध ओढेनासं झालं, भराभर श्वास घेऊ लागलं, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा हाक मारूनही डोळे उघडेना, तर 'आरती होऊ दे, मग बघू' म्हणायचं नाही. गाडी काढायची.

गेल्या वर्षी जवळजवळ दोन हजार रुपये मोजून लस घेतली. महिन्याभरात सर्दी, नाक वाहतंय, घसा धरलेला. पैसे पाण्यात. पुन्हा का घ्यायची ते पटवून द्या.
– व्यापारी, मडगाव

पटवते, पण आधी तुमच्या बाजूने बोलते. ही लस गोवराच्या लसीसारखी भरवशाची नाही. विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल अशा फ्लूची शक्यता ती ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. म्हणजे घेऊनही फ्लू होणारे लोक असतात, दरवर्षी.

पण तुम्हाला झाला तो बहुधा फ्लू नव्हेच. नुसतं नाक वाहणं आणि घसा धरणं हे ऱ्हायनोव्हायरस आणि त्याच्या भाईबंदांचं काम, त्यांच्यावर ही लस चालत नाही. फ्लू झालेला माणूस मला नाक पुसत नाही सांगत, 'सकाळी दुकान उघडलं आणि दुपारी उभं राहता येईना' असं सांगतो. ताप १०२-१०३, हाडं ठणकतात, कोरडा खोकला, आठवडाभर तोंडाला चव नाही.

दुसरं, सर्दी न व्हावी म्हणून ही लस नाहीच. फ्लूने न्यूमोनिया होऊ नये, अतिदक्षता विभागात जावं लागू नये, यासाठी ती आहे. लस घेऊनही फ्लू झाला तर तो सहसा हलका जातो. तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्रात रक्तदाबाच्या गोळ्यांचा उल्लेख आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. कॅनडातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान तपासणीत पक्कं झाल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. ताप उतरला म्हणून गल्ल्यावर जाऊन बसलेला माणूस छातीत कळ येऊन आमच्याकडे येतो, तेव्हा मागच्या आठवड्यातल्या तापाची आठवण कुणाला नसते.

दोन हजार जड वाटत असतील तर घरात सगळ्यांना एकदम नको. आधी साठीच्या पुढचे, दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल. धडधाकट माणसांनी नंतर.

थंडी वाजली, अंग मोडून आलं की आमच्याकडे रात्री फेणीचा एक घोट आणि छातीला थोडी चोळायची. वडील याच्यावर नव्वद वर्षं जगले. तुमच्या लसीपेक्षा स्वस्त नाही का?
– काजू बागायतदार, पेडणे

वडिलांना नमस्कार. ते फेणीमुळे जगले की फेणी असूनही, हे आता कोण सांगणार! घोटाने ऊब वाटते आणि झोप लागते, एवढंच खरं. विषाणू घशातल्या पेशींच्या आत शिरलेला असतो. वरून फेणी ओतल्याने तो मरत नाही, मग ती माडाची असो नाहीतर काजूची. त्यात तापाची पॅरासिटामोल आणि वर पेले असं रोज चाललं तर यकृताचं काम वाढतं. तापात अंगातलं पाणी कमी होतं, दारूने आणखी होतं. भरपूर पेज प्या, मीठ घालून, तोरांच्या म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या लोणच्याबरोबर. लहान मुलांच्या छातीला फेणी अजिबात चोळू नका, त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून ती आत जाते.

शेजारी सोर्पोतेल देतात, आमची मुलं खातात. त्याने स्वाइन फ्लू होतो का?
– गृहिणी, कुडचडे

शिजवलेलं डुकराचं मांस खाऊन स्वाइन फ्लू होत नाही. २००९ साली जगभर पसरला तो एच१एन१ माणसाकडून माणसाला होतो. आता तो दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक आहे आणि दरवर्षीच्या लसीत त्याचा समावेश असतो. शेजारधर्म मोडू नका.

लस मेडिकलमधून आणली. डॉक्टर त्या दिवशी आले नव्हते, म्हणून घरी फ्रीजरमध्ये ठेवली, बांगड्यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी टोचायला नेली तर नर्सने परत पाठवलं. एवढी महाग वस्तू, फुकट का घालवायची?
– वास्को

नर्सला माझ्याकडून शाबासकी सांगा. ही लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. गोठली की तिचं काम संपलं. परत वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखी दिसते, म्हणून माणूस फसतो. बांगडे तळून खा, लस टाकून द्या. पावसात आपली वीज किती भरवशाची ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून लस घरी आणून ठेवूच नये. डॉक्टर आहेत याची फोनवरून खात्री करायची, मग बर्फाच्या पिशवीसकट लस घेऊन थेट दवाखाना. बर्फ लसीला टेकता कामा नये, मध्ये कागद-कापड ठेवायचं. खरं तर जिथे लसही तिथेच ठेवतात आणि टोचतातही, असा दवाखाना शोधलेला बरा.

आम्ही सत्तरी तालुक्यातले. गेल्या पावसात नवऱ्याला ताप आला, 'फ्लू चालू आहे' म्हणून गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, मग लेप्टो निघाला. देवाच्या कृपेने वाचले. फ्लूची लस घेतली असती तर हे टळलं असतं का? आणि माकडतापाला ती चालते का?
– वाळपईजवळून एक वाचक

नाही बाय, दोन्हीला नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पावसाळ्यात 'फ्लू चालू आहे' हे वाक्य सगळ्यात घातक. फ्लू चालू असतो तेव्हाच डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोही चालू असतात.

फ्लूत खोकला, घसा, नाक यांपैकी काहीतरी बहुतेक असतंच. ताप आहे आणि खोकला नाही, तर मनात शंका आणायची. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर पुरळ, तर डेंग्यू. हुडहुडी भरून ताप चढतो, घाम येऊन उतरतो, पुन्हा चढतो, तर मलेरिया. पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लालबुंद, लघवी कमी, तर लेप्टो. उंदराच्या मुताने दूषित झालेलं शेतातलं पाणी पायाच्या भेगेतून आत शिरून तो होतो. अशी पुस्तकातली लक्षणं सगळ्यांत दिसतातच असं नाही. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य 'ताप आहे' हे नको. 'मी चिखलात काम करतो, पायाला चीर आहे, आणि ताप आहे' असं पाहिजे. त्यावरून डॉक्टर रक्त वेळेवर तपासायला पाठवतात. लेप्टोवर साधी अँटिबायोटिक्स चालतात, पण लवकर दिली तर. आणि डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामोल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, रक्तस्राव होऊ शकतो.

माकडताप २०१५ पासून सत्तरीला ठाऊक आहे. तो गोचिडीमुळे होतो, काजू वेचायच्या दिवसांत. तिथे लांब बाह्या, पाय झाकलेले, गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. फ्लूच्या लसीचा त्याच्याशी काही संबंध नाही. नवऱ्याला दमा-मधुमेह असेल तर फ्लूची लस त्यासाठी वेगळी घ्या.

ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार करतात म्हणे. आमच्या घरात अंडं येत नाही. आईचं वय ७६, तिला दमा आहे. तिला काय सांगू?
– पुजारी कुटुंबातला मुलगा, फोंडा तालुका

खरं ते सांगा. बहुतेक फ्लूच्या लसींसाठी विषाणू अंड्यात वाढवतात, मग तो मारून, शुद्ध करून लस करतात. शेवटी अंड्याचा अगदी सूक्ष्म अंश राहू शकतो. पेशींमध्ये बनवलेल्या, अंड्याविना लसीही जगात आहेत. तुमच्या डॉक्टरांना ती मिळते का विचारा. न मिळाली तर निर्णय आईचा. तिच्यापासून लपवून टोचू नका, नंतर कळलं तर पुढची एकही सुई ती घेणार नाही. माझ्या पाहण्यात असं विचारल्यावर बऱ्याच आज्या 'औषधाला दोष नाही' म्हणून हात पुढे करतात. तिने नाही म्हटलं तर तुम्ही, बायको आणि मुलं घ्या, म्हणजे तिच्यापर्यंत फ्लू पोचायचे रस्ते कमी होतील.

माझी बायपास झाली आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. सुई टोचली तर रक्त थांबेल ना? गोळी दोन दिवस बंद करू?
– काणकोण

गोळी बंद करू नका. कुणी सांगितलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. टोचणाऱ्याला आधी सांगा, ते बारीक सुई वापरतील. टोचल्यावर कापसाने दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. थोडं काळंनिळं झालं तर घाबरू नका. दंड एक-दोन दिवस दुखेल, क्वचित कणकण येईल. ती कणकण म्हणजे फ्लू नव्हे, या लसीतला विषाणू मेलेला असतो. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा. बाह्या सहज वर जातील असा सदरा घालून जा, आणि रक्त पातळ करायची वॉरफेरिन ही गोळी चालू असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, शेवटचा रिपोर्ट खिशात ठेवा.